‘तुम्ही झाडांच्या विरोधात आहात का?’

पत्र:

आमचं गाव डोंगराच्या उतारावर. गावाच्या वरच्या अंगाला गवताळ माळ आहे, माळाच्या खोलगट भागात पाणथळ, आणि त्या पाणथळीतून निघालेला ओढा गावातून खाली जातो. एका लाकूड कंपनीने या माळाची ८० हेक्टर जमीन चाळीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने मागितली आहे. स्प्रूस आणि पाइन या सूचिपर्णी, म्हणजे सुईसारख्या पानांच्या जातींची दोन लाख झाडं लावणार म्हणतात. त्यांच्या नकाशावर आमचा माळ ‘पडीक’ दाखवलाय. आम्ही काही जणांनी समिती केली, फलक लिहिले. गेल्या सभेत कंपनीच्या माणसाने सगळ्यांसमोर मला विचारलं, “ताई, सगळं जग झाडं लावा म्हणून ओरडतंय, आणि तुम्ही झाडांच्या विरोधात आहात का?” मला उत्तर सुचलं नाही. लोक हसले. मी खाली बसले.

त्यात माझा सख्खा मोठा भाऊ जमीन द्यायला तयार आहे. त्याच्या वाट्याची १२ हेक्टर त्या ८० मध्ये येते. तो म्हणतो, जन्मभर गुरांमागे फिरून हाती काय आलं? मी फलक लिहिल्यापासून तीन आठवडे तो माझ्याशी बोललेला नाही. समितीतली तरुण पोरं म्हणतात, लावू देत त्यांना, आम्ही रात्रीतून रोपं उपटून टाकू. हरकती नोंदवायला पाच आठवडे उरलेत. मी खरंच चुकतेय का? आणि चुकत नसेन, तर सुरुवात कुठून करू?

– माळावरची

उत्तर:

ताई,

तुम्ही चुकत नाही आहात. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण तुमचं पत्र वाचताना ते ‘लोक हसले, मी खाली बसले’ माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. भरसभेत असा प्रश्न अंगावर आला की भल्याभल्यांची वाचा बसते. तो प्रश्न विचारला जातो तोच मुळी समोरच्याने गप्प बसावं म्हणून. त्यात ‘झाड’ आणि ‘जंगल’ हे दोन शब्द एकच आहेत असं गृहीत धरलेलं असतं, आणि गवताळ माळ म्हणजे रिकामी जागा, असंही.

मी अशा लागवडीत फिरले आहे. ती लागवड पंचवीसेक वर्षांची होती, तोडायला अजून बराच अवकाश होता. बाहेर चांगलं ऊन होतं. चार ओळी आत गेले आणि संध्याकाळ झाल्यासारखं वाटलं. झाडं दोन-दोन मीटरवर, आखून दिल्यासारखी. खालच्या फांद्या उजेडाअभावी वाळून काटक्या झालेल्या, अंगाला ओरखडे काढणाऱ्या. पायाखाली सुयांसारख्या वाळक्या पानांचा जाड तपकिरी थर, आणि त्यातून वर आलेलं काहीही नाही. गवताचं पातं नाही, रोपटं नाही. मी काठीने तो थर उकरला. खाली जुना चर होता, लागवडीच्या वेळी नांगरलेला, त्यात काळपट पाणी साचलेलं. पक्षी बोलत होते ते सगळे वर शेंड्यांवर, खाली काही नाही. पुढे त्याच पट्ट्याशेजारची तोडणी झालेली जागाही पाहिली. नजर पोचेल तिथवर खुंट, फांद्यांचे ढीग आणि यंत्रांच्या चाकोऱ्यांत साठलेलं गढूळ पाणी. उतारावरून ते पाणी थेट खालच्या ओढ्यात जात होतं. लावणीपासून अशा तोडणीपर्यंत पस्तीस-चाळीस वर्षं जातात, आणि मग पुन्हा पहिल्यापासून तेच.

एका हेक्टरवर अशी साधारण २,५०० रोपं बसतात. ८० हेक्टरांवर दोन लाख. कंपनीचा आकडा बरोबर आहे. ते उभं करतात ते लाकडाचं पीक, आणि पीक काढायला कुणाची ना नाही. प्रश्न ते कुठे काढायचं एवढाच आहे. आधीच नांगरलेल्या, खचलेल्या शेतजमिनीवर कुणी लाकूड पिकवत असेल तर मी त्याच्या आड येणार नाही. आपल्या सगळ्यांना लाकूड लागतं, आणि ते जुन्या जंगलातून येण्यापेक्षा लागवडीतून आलेलं बरं. सूचिपर्णी झाडांशीही माझं वैर नाही. हिमालयातला देवदार, स्कॉटलंडच्या डोंगरांतला तिथला मूळचा पाइन, यांची जंगलं डोळ्यांचं पारणं फेडणारी आहेत. ज्या सिट्का स्प्रूसने आज आयर्लंड आणि स्कॉटलंडचे डोंगर भरलेत, तो स्वतःच्या घरी, म्हणजे अलास्कापासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या किनाऱ्यावर, शेकडो वर्षं जगतो आणि त्याच्या अंगाखांद्यावर अख्खं जंगल नांदतं. तोच दुसऱ्याच्या माळावर ओळीत लावला, चाळिशीच्या आत कापला, की त्याच्याखाली काही रुजायला वेळच मिळत नाही.

तेव्हा पुढच्या सभेत कुणी विचारलं, तर एवढंच म्हणा: “मी माळाच्या बाजूची आहे. तुमच्या नकाशात तो पडीक लिहिलाय. तिथे काय काय आहे, ते मी मोजून आणलंय.” आणि खरोखरच मोजून आणा. माझा सगळा सल्ला या एका कामाभोवती आहे.

पण त्याआधी दोन-तीन गोष्टी तुम्हाला ठाऊक असाव्यात, म्हणजे आपण एकट्याच वेडेपणा करतोय असं वाटायचं नाही.

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला केथनेस आणि सदरलंड भागात फ्लो कंट्री नावाचा हजारो चौरस किलोमीटरचा पाणथळ प्रदेश आहे. स्फॅग्नम नावाचं शेवाळ हजारो वर्षं थरावर थर साचत गेलं, पाण्यामुळे पुरतं कुजलं नाही, आणि त्याचं पीट झालं. काही ठिकाणी ते दहा मीटर खोल आहे. १९८० च्या दशकात हा प्रदेशही ‘ओसाड’ ठरवला गेला. झाडं लावली की प्राप्तिकरात मोठी सूट मिळे, म्हणून दूर शहरांतल्या श्रीमंतांनी तिथे पैसे गुंतवले. यंत्रांनी चर पाडले, पीट कोरडं केलं आणि स्प्रूस व पाइनच्या ओळी उभ्या राहिल्या. पक्षी-अभ्यासकांनी आणि निसर्गरक्षकांनी नोंदी मांडल्या, आरडाओरडा झाला, आणि १९८८ च्या अर्थसंकल्पात ती करसूट काढून घेण्यात आली. लागवडीचं वेड जवळपास तिथेच थांबलं. पुढे १९९५ मध्ये आरएसपीबी या पक्षीसंरक्षण संस्थेने तिथल्याच फॉर्सिनार्ड भागातली जमीन विकत घेतली. लावलेली झाडं कापली, चर बुजवले, पाणी पुन्हा वर येऊ दिलं. हे काम अजून चालू आहे. पाडायला एक हंगाम पुरलेला चर भरून यायला पिढी लागते. जुलै २०२४ मध्ये युनेस्कोने फ्लो कंट्रीला जागतिक वारसास्थळांत घेतलं.

यातून मी एक गोष्ट शिकले. त्या माळाला यंत्रं लागली ती करसवलतीमुळे, आणि थांबली तीही सवलत गेल्यावर. चिलीमध्ये १९७४ च्या एका हुकमाने लागवडीच्या खर्चाचा ७५ टक्के भार सरकारने उचलला, आणि मापुचे या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या भागात पाइन आणि निलगिरी पसरली; त्यावरचा तंटा अजून मिटलेला नाही. न्यूझीलंडमध्ये अलीकडे झाडांनी शोषलेल्या कार्बनला मिळणाऱ्या भावामुळे मेंढ्यांची अख्खी कुरणं पाइनखाली जाऊ लागली. तर तुमच्या कंपनीचा पैसा कुठून येतोय, हे आधी शोधा. नुसतं लाकूड विकून त्यांचं भागतंय, की अनुदान आहे, की कार्बन क्रेडिट, म्हणजे झाडांनी कार्बन शोषल्याची प्रमाणपत्रं, विकायचेत? अनुदान असेल तर त्याला अटी असतात, आणि अटींत तुमची पाणथळ बसत नसण्याची शक्यता मोठी आहे. ब्रिटनमध्ये आज ५० सेंटिमीटरपेक्षा खोल पीटवर नवी लागवड करायची नाही असा नियम आहे. कार्बन क्रेडिट असतील तर लेखी विचारा: जमिनीत आज किती कार्बन आहे ते मोजलंत का? चर पाडल्यावर त्यातला किती हवेत जाईल, तो वजा केलात का? पृथ्वीच्या जमिनीपैकी जेमतेम ३ टक्के भाग पीटचा आहे, पण त्यात साठलेला कार्बन जगातल्या सगळ्या जंगलांच्या लाकूड-पाल्यातल्या कार्बनपेक्षा जास्त आहे. ओलं पीट कोरडं करून त्यावर झाडं लावायची आणि त्याला हवामानाचं काम म्हणायचं, हा हिशेब मला तरी पटत नाही.

आपल्या देशातही हे घडून गेलंय. १९७० च्या दशकात बस्तरमधलं साल वृक्षांचं जंगल कापून तिथे कागदाच्या लगद्यासाठी उष्णकटिबंधी पाइन लावायचा घाट घातला गेला. मध्य प्रदेश सरकारचा बेत होता, मागे जागतिक बँकेची मदत होती. सालाच्या बिया, मोह, तेंदूची पानं यांवर जगणाऱ्या आदिवासींनी विरोध केला, आणि शेवटी तो प्रकल्प गुंडाळावा लागला. उत्तराखंडात चीड हा पाइन मूळचाच, पण राळेसाठी आणि लाकडासाठी त्याला बांज ओकच्या जागी वाढू दिलं गेलं. बांजाखाली झरे टिकतात, गुरांना पाला मिळतो, हे तिथल्या बायकांना पुस्तकाशिवाय कळत होतं. चिपकोच्या काळात तिथे एक घोषणा झाली. जंगलाचे उपकार काय, तर व्यापाऱ्यांचं उत्तर ‘लीसा (राळ), लकडी और व्यापार’, आणि बायकांचं उत्तर ‘मिट्टी, पानी और बयार (वारा)’. झाडांना मिठ्या मारणाऱ्या बायकाच पाइनच्या पसाऱ्याला नको म्हणत होत्या. तुम्हाला झाडांच्या विरोधात म्हणणाऱ्याला हे जरूर ऐकवा.

पाण्याचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण सभेत तोच सगळ्यांत आधी यायला हवा. गवतापेक्षा वाढतं सदाहरित झाड जमिनीतून जास्त पाणी ओढतं, आणि पावसाचा काही भाग पानांवरूनच वाफ होऊन जातो. २००५ साली जगभरातल्या लागवडींच्या नोंदी एकत्र करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गवताळ, झुडपी आणि शेतीच्या जमिनींवर लागवड झाल्यावर ओढ्यांचं वाहतं पाणी सरासरी ५२ टक्क्यांनी घटलं होतं, आणि १३ टक्के ओढे किमान एक वर्ष पूर्ण कोरडे पडले होते. दक्षिण आफ्रिकेत योंकर्सहूकच्या खोऱ्यांत १९३० च्या दशकापासून हेच मोजलं जातंय. परदेशी झाडं पाणी पितात हे तिथे इतकं स्पष्ट झालं की १९९५ मध्ये सरकारने पाण्यासाठी ती झाडं कापायचा मोठा कार्यक्रमच सुरू केला. लागवडीला विरोध नसलेली, तुमच्या समितीकडे बघतही नसलेली माणसं या एका मुद्द्यावर कान देतील. ओढा सगळ्यांचा आहे.

आता कामाचं.

पाच आठवडे थोडे नाहीत. फलक तूर्त बाजूला ठेवा. एक वही घ्या, प्रत्येक पानावर तारीख, वेळ आणि जागा लिहा, आणि माळावर जा. एकट्या जाऊ नका. रोपं उपटायला निघालेली ती पोरं आहेत ना, त्यांनाच बरोबर घ्या. त्यांच्या अंगात रग आहे, तिला काम द्या.

दोरीचा एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन करा, चार खुंट्या ठोका, आणि त्याच्या आत गुडघे टेकून बसा. आत किती तऱ्हेची पानं आहेत ते मोजा. नावं माहीत नसली तरी चालेल. फोटो काढा, गावात ज्या नावाने ओळखतात ते नाव लिहा, पुढे एखाद्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकाला दाखवा. पहिल्यांदा मोजलं तेव्हा ‘नुसतं गवत’ म्हणून जो तुकडा मी ओलांडून जात होते, त्यात एकोणीस जाती निघाल्या. त्यातली एक इवलीशी, नखाएवढ्या निळ्या फुलाची, मी तोवर कधी पाहिलीच नव्हती, आणि तिच्यावर माझे पाय किती वेळा पडले असतील ते देव जाणे. माळाच्या वेगवेगळ्या भागांत असे वीसेक चौकोन करा.

पाणथळीत लोखंडी सळई उभी दाबा. टणक लागेपर्यंत किती आत जाते ते खूण करून मोजा, आणि सळईशेजारी माणूस उभा करून फोटो घ्या. ही खोली हरकतीत फार वजनदार ठरते.

झऱ्याच्या तोंडाशी दहा लिटरची बादली धरा आणि भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून पाहा. दर आठवड्याला, त्याच जागी. कंपनी आली नाही तरी हा आकडा गावाच्या कामाचा आहे. आली, तर दहा वर्षांनी ‘पाणी कमी झालं’ हे सिद्ध करायला याशिवाय तुमच्या हातात काही नसेल.

ओढ्यातला एखादा दगड उलटा करून पांढऱ्या ताटलीत धुवा. पाठीवर वाळूचं नाहीतर काटक्यांचं घर घेऊन सरकणाऱ्या अळ्या दिसल्या, किंवा तीन शेपट्यांच्या चपट्या अळ्या, तर पाणी स्वच्छ आहे. गाळ आणि आम्ल दोन्ही त्यांच्यातल्या बऱ्याच जातींना सोसत नाही. स्प्रूसच्या सुया हवेतलं प्रदूषण धरून ठेवतात, आणि जिथली जमीन मुळात आम्लधर्मी असते तिथल्या ओढ्यांचं पाणी त्यामुळे आणखी आंबतं. आयर्लंड-स्कॉटलंडच्या नद्यांत शंभर वर्षांहून जास्त जगणारा मोत्याचा शिंपला आहे. त्याची पिल्लं पहिले काही महिने मासळीच्या कल्ल्यांना चिकटून राहतात, मग नदीच्या तळच्या खड्यांत उतरतात. त्या खड्यांवर लागवडीचा गाळ बसला की पिल्लं गुदमरून मरतात, म्हातारे शिंपले तेवढे वर्षानुवर्षं उरतात, आणि वरून पाहणाऱ्याला सगळं ठीक वाटत राहतं.

पक्ष्यांसाठी पहाटे जावं लागेल. जमिनीवर घरटं करणारे कोणते आहेत ते पाहा, पण घरट्याच्या जवळ जाऊ नका, लांबूनच लिहा. फ्लो कंट्रीत मोजलं तेव्हा पाणथळीतल्या काही पक्ष्यांवर लागवडीचा परिणाम कडेपासून ७०० मीटरपर्यंत दिसला. माळावर झाड नसणं हीच त्यांची सुरक्षितता असते. शिकारी प्राण्यांना झाडी ही लपायची जागा. तुमची ८० हेक्टर चौरस धरली तर एक बाजू साधारण ९०० मीटर होते. भोवती ७०० मीटरचा पट्टा काढून पाहा, सगळं मिळून साडेचारशे हेक्टरांच्या वर जातं. तुमच्याकडचे पक्षी वेगळे असतील, अंतर कमीजास्त असेल, पण नकाशावर हा पट्टा रंगवून दाखवला की ‘फक्त ८० हेक्टर’ असं कुणाला म्हणवणार नाही.

आणि गावातल्या जुन्या माणसांकडे जा. माळाच्या प्रत्येक खाचखळग्याला, दगडाला, उमाळ्याला त्यांच्याकडे नाव असतं. ती नावं नकाशावर लिहून घ्या.

हे सगळं हाती आलं की हरकत लिहा. प्रत्येकाने स्वतःची, स्वतःच्या शब्दांत. शंभर जणांनी एकाच मजकुराखाली सह्या केल्या तर दफ्तरात ती बहुधा एकच हरकत धरली जाते. मी एका सुनावणीला असंच जाड बाड घेऊन गेले होते, आणि अधिकाऱ्याने पाच मिनिटांत बाजूला सारलं. त्याच दिवशी एका म्हाताऱ्या बाईंनी आपल्या विहिरीच्या पाण्याबद्दल हाताने लिहिलेला दीड पानी कागद दिला होता. तो त्याने दोनदा वाचला आणि विहीर पाहायला माणूस पाठवला. हरकतीत शिव्याशाप नकोत. कुठे, काय, केव्हा पाहिलं आणि काय मागता, एवढंच. पोच घ्या, तारखेचा शिक्का घ्या.

पोरांना मात्र रोपं उपटण्यापासून काहीही करून थांबवा. त्यांचा राग मला कळतो. १९२१ मध्ये कुमाऊंच्या लोकांनी इंग्रजांची चीडाची राखीव रानं पेटवली, आणि बांजाच्या जंगलांना बहुतेक ठिकाणी हात लावला नाही, इतका तो भेद त्यांच्या मनात पक्का होता. पण तुमच्याकडे आज बोलायला जागा आहे, मुदत आहे, कागद आहे. एक रोप रात्री उपटलं की दुसऱ्या दिवसापासून चर्चा माळाची राहणार नाही, गुन्ह्याची होईल. आणि ज्यांनी अजून बाजू घेतलेली नाही, ते तुमच्यापासून दूर जातील.

आता दादा.

त्याच्याबद्दल तुम्ही चारच ओळी लिहिल्यात, पण पत्राचा सगळा भार तिथे आहे असं मला वाटलं. ताई, तो लोभी नाही. तो थकलाय. ‘जन्मभर गुरांमागे फिरून हाती काय आलं’ या प्रश्नाला तुमच्या समितीकडे उत्तर आहे का? नसेल, तर तोपर्यंत त्याला माळाचा शत्रू म्हणायचा आपल्याला अधिकार नाही. अशा प्रत्येक गावात मी हे पाहिलंय. विरोध करणाऱ्यांनी जमीन देणाऱ्याला वाळीत टाकलं, तो अपमानाने पेटून उठला, आणि जी सही कदाचित त्याने टाळली असती ती दुसऱ्या दिवशी केली.

त्याच्याकडे जा. वही घेऊन नको, फलक घेऊन तर मुळीच नको. आधी तो जे तीन आठवडे बोलला नाही ते ऐकून घ्या. कार्बन, पक्षी, युनेस्को यातलं काही काढू नका. करारनामा त्याने वाचलाय का, एवढं विचारा, आणि दोघं मिळून वाचा. चाळीस वर्षांनी जमीन परत मिळेल तेव्हा ती कशी असेल? खुंट कोण काढणार, चर कोण बुजवणार? आयर्लंडमध्ये तोडणीच्या परवान्याबरोबर पुन्हा लागवड करण्याचं बंधन येतं, त्यामुळे एकदा लागवडीखाली गेलेली जमीन सहसा कुरण म्हणून परत येत नाही. तुमच्याकडे काय नियम आहे? वणवा लागला तर जबाबदारी कुणाची? कंपनी मध्येच विकली गेली तर भाडं कोण देणार? बी उडून शेजाऱ्याच्या कुरणात झाडं उगवली तर ती काढायची कुणी? हा शेवटचा प्रश्न उगाच नाही. न्यूझीलंडमध्ये लागवडींतून निसटलेले पाइन १८ लाख हेक्टरांवर पसरलेत, आणि ते हटवायला सरकारला २०१६ पासून देशभर मोहीम चालवावी लागतेय. तिथेच फेब्रुवारी २०२३ च्या गॅब्रिएल वादळात गिसबोर्न भागात तोडणीनंतर डोंगरावर सोडलेलं लाकूड पुराबरोबर खाली आलं, पुलांना अडकलं, किनाऱ्यांवर ढिगांनी साचलं. उतारावर राहणाऱ्यांनी हे विचारायलाच हवं. दादाही उतारावरच राहतो.

उत्तरं कंपनीकडून लेखी मागा, दादाच्या नावाने. जमीन त्याची आहे, त्याची सही हवी असेल तर कंपनीला ती द्यावीच लागतील. मला वाटतं, त्या कागदाची वाट बघताना तुम्ही दोघं पुन्हा एका बाजूला याल.

आणि समितीने त्याच्यासाठी काहीतरी ठोस आणावं. चराईचं भाडं सगळ्यांनी मिळून देता येईल का? पाणथळ आणि गवताळ जमीन राखण्यासाठी सरकारी वा संस्थांची एखादी योजना आहे का? त्याच्या १२ हेक्टरांपैकी ओढ्याकाठचा, आधीच झिजलेला पट्टा असेल तर तिथे इथल्याच जातींची झाडं लावायला गावाने मदत करावी. ओढ्यालाही सावली मिळेल, आणि झाडं नको म्हणणारे तुम्ही नव्हे हेही दिसेल. माळाच्या कडेची पडकी शेतजमीन कंपनीला पर्याय म्हणून दाखवता येत असेल तर तेही करा. यातलं काहीच भाड्याच्या रकमेइतकं भरणार नाही, हे त्याला खरं खरं सांगा.

एवढं करूनही त्याने सही केली, तर ती त्याची जमीन आहे. उरलेल्या ६८ हेक्टरांची आणि पाणथळीची हरकत तरीही उभी राहते. पाणथळीच्या कडेपासून अंतर सोडणं, चर न पाडणं, ओढ्याच्या दोन्ही काठांना मोकळी पट्टी ठेवणं, तोडणी एकदम न करता टप्प्याटप्प्याने करणं, हे सगळं परवानगीच्या अटींत मागता येतं. अशा अटी घातल्या तर लागवड झाली तरी ओढ्याचं नुकसान पुष्कळ कमी होतं, आणि कधी कधी अटी पाहून कंपनीच बेत सोडते.

एक विनंती आहे. दादा बोलू लागला की एखाद्या पहाटे त्याला पाणथळीवर घेऊन जा. वाटेत काही समजावू नका. लहानपणी गुरं राखताना त्या जागेला तुम्ही दोघं काय म्हणत होता, ते त्यालाच विचारा, आणि तो सांगेल ते नाव नकाशावर ‘पडीक’ लिहिलंय तिथे त्याच्याच हाताने लिहून घ्या.